कोपऱ्यातला डाग

कुसुमताई वेदपाठक आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला शिव्या द्यायच्या. तेही लंडनमधल्या एका संग्रहालयाच्या तळघरात, पांढरा कोट घालून, मायक्रोस्कोपला डोळे लावून आणि अस्सल कराडच्या मराठीत. "अरे मुडद्या, इथं कशाला घाई केलीस? दोन ठोके जास्त मारले असतेस तर हात झिजले असते का तुझे?" नोकरीच्या पहिल्या दिवशी मी लॅबचं दार उघडलं आणि हे वाक्य कानावर आलं. मला वाटलं, बाई फोनवर नवऱ्याशी बोलतायत. पण फोन कुठेच नव्हता. समोर फोमच्या गादीवर चांदीचा एक जुनाट पत्रा होता आणि त्यांचं भांडण त्याच्याशी चाललं होतं.

"तुम्ही मराठी?" मी आनंदाने ओरडलेच.

"नाही, जपानी. दार लाव आधी, धूळ येते."

ही आमची पहिली भेट. मी पुण्याहून धातुशास्त्रात डॉक्टरेट करून आले होते आणि मला त्या पदवीचा भलताच तोरा होता. एक्स-रेचं यंत्र रोखायचं आणि कुठल्या धातूत काय काय मिसळलंय ते सांगायचं, हे माझं काम. कुसुमताईंचं काम दुरुस्तीचं आणि जपणुकीचं. त्या कराडच्या सोनाराची मुलगी. सत्तरच्या दशकात लग्न करून लंडनच्या कडेला स्टॅनमोरला आल्या, काही वर्षं दागिने दुरुस्त करून दिले, मग संध्याकाळचे कोर्स करत करत इथपर्यंत पोचल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा निखिल लेस्टरला हॉस्पिटलात फार्मासिस्ट होता. लॅबमधले सगळे त्यांना 'कुझूम' म्हणत. मला एवढ्या मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारवेना, म्हणून मी 'कुसुमताई' म्हणू लागले. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हण बाई काहीही. निदान माझ्या नावात 'झ' घालू नकोस."

तो चांदीचा पत्रा म्हणजे एका पुस्तकाचं कव्हर होतं. जॉर्जियातलं. अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे, कॉकेशसच्या डोंगरातलं. तिथल्या एका मठातल्या बायबलच्या हस्तलिखितासाठी कुणा कारागिराने लाकडी फळ्यांवर चांदीचा पत्रा मढवला होता, त्यावर मागून ठोकून क्रूसावरचा ख्रिस्त उठवला होता, सोन्याचा मुलामा दिला होता आणि कडेने कोंदणांत गार्नेटचे लाल खडे, फिरोजे आणि मोती बसवले होते. आतलं पुस्तक कधीच गेलं, कव्हर उरलं. अभ्यासासाठी आणि डागडुजीसाठी ते दीड वर्ष आमच्याकडे राहणार होतं. कुसुमताई त्याला 'म्हातारी' म्हणत. सकाळी कोट चढवता चढवता विचारत, "काय गं, काय म्हणतेय आपली म्हातारी?"

म्हातारीबरोबर मनानाही आली होती. जॉर्जियाच्या राजधानीतल्या, तिबिलिसीच्या संग्रहालयातली, चाळिशीची, बारीक चणीची, कायम काळ्या कपड्यांतली. तिचं इंग्रजी यथातथाच आणि कुसुमताईंचं इंग्रजी कराडमार्गे आलेलं. तरी दोघींचं इतकं जमायचं की मला हेवा वाटायचा. एकीने बोटाने दाखवायचं, दुसरीने मान डोलवायची, मग दोघींनी मिळून त्या बिचाऱ्या कारागिराची अक्कल काढायची, एकीने मराठीत, दुसरीने जॉर्जियनमध्ये. "आपल्या भावकीतलाच आहे तो," कुसुमताई मला सांगत. "सोनार तो सोनार. गाव बदललं म्हणून हाताच्या खोडी बदलतात होय?"

माझा तोरा त्यांनी पहिल्याच महिन्यात उतरवला. मी यंत्र लावून तीन दिवस आकडे गोळा केले आणि मोठ्या ऐटीत जाहीर केलं की मुलाम्यात पारा सापडलाय, म्हणजे सोनं पाऱ्यात विरघळवून लावलंय. "हो का?" कुसुमताई चहा ढवळत म्हणाल्या. "म्हातारी आली त्या दिवशीच मी मनानाला सांगितलं होतं. रंगावरून कळतं गं. पण असू दे, यंत्राने सांगितलं की इथल्या लोकांना बरं वाटतं." मी फुरंगटून बसले तशी त्यांनी डब्यातला शेंगदाण्याचा लाडू माझ्यापुढे सरकवला. "तोंड पाडू नकोस. तू आकडे काढलेस म्हणून माझं म्हणणं कागदावर येणार. मला आकडे काढता येत नाहीत."

म्हातारीबद्दल एक वाद होता आणि मनानाचा सगळा जीव त्यात अडकला होता. काही तज्ज्ञांचं म्हणणं होतं की पत्रा जुना असेल, पण खडे आणि कोंदणं सगळी एकोणिसाव्या शतकातल्या कुणा लबाड दुरुस्तीवाल्याची आहेत. आम्ही एकेक कोंदण तपासत गेलो आणि ते तज्ज्ञ खरे ठरत गेले. कुठे नवीन डिंक, कुठे यंत्रावर कापलेला खडा. मनाना दिवसेंदिवस गप्प होत चालली. मग एका दुपारी कुसुमताईंनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि आम्हा दोघींना बोलावलं. उजव्या खालच्या कोपऱ्यातलं एक कोंदण होतं, काळं पडलेलं, आत लहानसा गार्नेट. "ह्याला कुणाचा हात लागलेला नाही," त्या म्हणाल्या. "हे त्याचंच आहे." खड्याखाली मूळ कारागिराने मेणावर चांदीचा वर्ख घातलेला असणार, असा त्यांचा अंदाज होता. तो सापडला तर म्हातारी मुळात कशी दिसत होती ते कळणार होतं आणि खडे तिच्या जन्मापासूनचे होते हे सिद्ध होणार होतं. मनानाने त्यांचा हात हातात घेतला आणि कपाळाला लावला. ते कोंदण पुढच्या आठवड्यात तिघींनी मिळून उघडायचं ठरलं.

आता माझं सांगते. माझा करार दोन महिन्यांत संपत होता. तो वाढला तर वर्क परमिट वाढणार, नाहीतर चंबूगबाळं आवरून पुण्याला. घरी आईने शेजारीपाजारी 'आमची वृंदा लंडनच्या म्युझियममध्ये' असं इतकं सांगून ठेवलं होतं की परत जायची सोयच उरली नव्हती. यंत्राचं काम कुणीही करील, असं आमच्या हेडबाई एकदा सहज बोलून गेल्या होत्या. म्हणून मी कुसुमताईंच्या मागे लागून चांदी साफ करायला शिकत होते. खडूची बारीक पूड पाण्यात कालवायची, बांबूच्या काडीला कापसाचा बोळा गुंडाळायचा आणि हळूहळू काळेपणा उचलायचा. मला ते चांगलं जमायला लागलं होतं. कुसुमताईंनीच तसं हेडबाईंना सांगितलं होतं.

कोंदण उघडायच्या आधीच्या मंगळवारी मी लॅबमध्ये पोचले तर कुसुमताई नव्हत्या. मनाना लायब्ररीत गेली होती. टेबलावर चिठ्ठी होती, घाईघाईच्या अक्षरात: 'खालच्या उजव्या कोपऱ्यातला डाग सुटतोय. सांभाळ. तीनला येते.' मी वाचलं आणि खूश झाले. कोपऱ्यातल्या त्या कोंदणावरचा काळा डाग निघायला लागलाय, पुढे सांभाळून काढ, असाच अर्थ मला लागला. दुसरा अर्थ असू शकतो हे डोक्यातच आलं नाही. मी खडू कालवला, बोळा केला आणि कामाला लागले.

पहिल्याच बोळ्याला काळेपणा उतरायला लागला, आणि त्याच बोळ्याला मला काडीखाली काहीतरी हलल्यासारखं वाटलं. अगदी किंचित. हलणारा दात जिभेला लागावा तितकंच. कुठल्याही शिकाऊ मुलीला ठाऊक असतं की हललं की थांबायचं. मी थांबले नाही. कडेला तांदळाच्या दाण्याएवढा काळेपणा उरला होता आणि तीन वाजता कुसुमताई आल्या की त्यांना लखलखीत कोपरा दाखवायचा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दुसरा बोळा, तिसरा बोळा. चौथ्याला कोंदण पत्र्यावरून सुटलं, गार्नेट निसटून ट्रेमध्ये पडला आणि त्याच्या मागची करडी भुकटी माझ्या खडूच्या चिखलात मिसळली. आठशे वर्षं ती तिथे होती. मी हातातली काडी खाली ठेवली.

कुसुमताई तीनला आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी ट्रे पाहिला. कोटसुद्धा न काढता त्या खाली वाकल्या.

"अगं, चिठ्ठी ठेवली होती ना मी? डाग सुटतोय म्हणून?"

"म्हणूनच तर... डाग निघतोय, पुढे साफ कर, असं वाटलं मला."

"डाग म्हणजे जोड गं! सोनाराचा डाग. झाळलेला सांधा. तो सुटत होता, हात लावू नको म्हणून लिहिलं मी!" मग एकदम खुर्ची ओढून बसल्या आणि कपाळाला हात लावला. "माझंच चुकलं. आमच्या घरात डाग म्हणजे जोडच. तुझ्या घरात डाग म्हणजे साडीवर पडतो तो. माझ्या लक्षातच आलं नाही."

आमच्या घरातही गळकी बादली डाग लावून आणत. लहानपणी मीच कितीदा नेऊन दिली होती. ते मला तेव्हा आठवलं, आणि काडीखाली हललेलंही आठवत होतं. मी दोन्ही बोलले नाही.

मनाना आली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने फक्त ती ओली भुकटी मागितली, काचेच्या कुपीत भरली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी पुढचे चार दिवस त्या कुपीवर यंत्र चालवलं. चांदी दिसत होती, पण चांदी तर त्या काळ्या थरातही होती. वर्ख होता की नव्हता, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. म्हातारीचे खडे संशयातच राहिले.

चौकशी झाली. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, हेडबाई आणि दोन वरिष्ठ. कुसुमताई उभ्या राहून बोलल्या, एवढंच मला लख्ख आठवतं, कारण तिथे कुणी उभं राहत नाही. सूचना मी दिली, ती माझ्या भाषेत दिली, त्यातल्या शब्दाला दोन अर्थ आहेत, चूक माझी, असं त्यांनी मोजक्या इंग्रजीत सांगितलं. मला विचारलं, तुला काही सांगायचंय? मी म्हटलं, "नो." इतकं स्वच्छ इंग्रजी मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोलले नसेन. अहवालात लिहिलं गेलं की मूळ जोड अतिशय कमकुवत होता, साधी ओल लागताच सुटला, आणि सूचनेत भाषेचा घोटाळा झाला.

त्यानंतर लॅबमध्ये नियम आला: कामाविषयी बोलायचं आणि लिहायचं ते इंग्रजीतच. कुसुमताईंनी तो तंतोतंत पाळला. माझ्याशीसुद्धा. 'पास मी द ट्रे, प्लीज.' अहो, आपल्याच माणसाच्या तोंडून हे ऐकायचं आणि मुकाट ट्रे पुढे करायचा. त्या कारागिराशी भांडणंही थांबलं. त्यांना म्हातारीच्या कामावरून काढून काचेच्या वस्तूंवर टाकलं. कव्हर परत पोचवायला मनानाबरोबर तिबिलिसीला त्या जाणार होत्या, स्वेटरही विणून ठेवला होता, त्यांच्याऐवजी दुसऱ्याच कुणाला पाठवलं. मनाना निघाली त्या दिवशी दोघी दाराशी उभ्या राहिल्या आणि एकमेकींना मिठी मारली. सहा महिन्यांनी कुसुमताईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. माझा करार वाढला.

मी त्यांच्याकडे जाणं टाळत होते, हे कबूल करते. ट्रेन सरळ स्टॅनमोरपर्यंत जाते, मी आधीच वेम्बलीला उतरून घर गाठत असे. सबबी पुष्कळ होत्या. दोन वर्षांनी निखिलचा फोन आला की आईचा कॅन्सर परत आलाय. परत? त्याच्याकडूनच मला कळलं की त्या मंगळवारी त्या पहिल्या तपासणीला हॉस्पिटलात गेल्या होत्या, कुणाला न सांगता. चिठ्ठी म्हणून तर घाईत लिहिलेली.

त्याच शनिवारी गेले. त्या सोफ्यावर शाल घेऊन बसल्या होत्या, अर्ध्या झालेल्या. "ये गं," म्हणाल्या. "लाडू नाहीत, बिस्किटं खा." मी बिस्किट हातात घेतलं आणि रडायला लागले. मग सगळं सांगितलं.

"हललं होतं, ताई. पहिल्याच बोळ्याला मला कळलं होतं."

"किती बोळे केलेस?"

"चार."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे गं, झालं ते झालं. आपल्याकडे मोठी माणसं असंच म्हणतात आणि आपण सुटतो. कुसुमताई तसं म्हणाल्या नाहीत.

"तू मला दोन वर्षं माझ्या भाषेचा राग राग करायला लावलास, वृंदे," त्या म्हणाल्या. "निखिलशी बोलतानासुद्धा मी आधी इंग्रजी शब्द शोधते. वाटतं, उगाच आणखी काहीतरी सुटायचं माझ्या बोलण्याने."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते काढून घेतले. "नाटक नको. मनानाला लिही. माझ्यासाठी नको लिहूस, माझं आता काय राहिलंय? फायलीत काय लागलंय ठाऊक आहे ना? जोड कच्चा होता म्हणे. साध्या ओलीने सुटला म्हणे! फट पडलेली असून चार बोळे टिकला तो. उद्या कुणी फाइल उघडेल आणि त्या माणसाला अडाणी म्हणेल. आणि अडाणी कारागिराने खडे काय बसवले असणार, ते नंतरचेच, असं धरून चालेल. वर्ख गेला, तो गेला. तेवढं तरी नीट लिहून दे. सही करून, तारीख घालून."

मी हो म्हटलं. घरी येऊन कागद घेतला. तेव्हा माझ्या कायमच्या व्हिसाचा अर्ज गेलेला होता. संग्रहालयाला हे कळलं तर? नोकरी गेली तर? अर्जाचा निकाल येऊ दे, मग लिहू, असं स्वतःला समजावलं. दोन आठवड्यांनी पुन्हा स्टॅनमोरला गेले. त्यांनी पाणी मागितलं आणि विचारलं, "लिहिलंस?"

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं. काय म्हणाली मनाना?"

"अजून उत्तर नाही आलं."

पुढच्या भेटीतही तेच. "आलं का गं उत्तर?" "नाही हो, ताई. तिकडचं पोस्ट, वेळ लागतो." त्या मान हलवायच्या. एकदा म्हणाल्या, "चिडली असेल. चिडू दे. वाचलं असेल ना, बास." त्या दिवशी त्या माझ्याशी खूप दिवसांनी मोकळं बोलल्या, कराडच्या घराबद्दल, वडिलांच्या हाताबद्दल, अगदी पूर्वीसारखं. मी बसून ऐकलं. त्या इतक्या बोलत होत्या कारण माझं खोटं त्यांना खरं वाटत होतं, हे मला कळत होतं, आणि तरी ऐकायला बरं वाटत होतं.

व्हिसाचं पत्र एका गुरुवारी आलं. रविवारी सकाळी निखिलचा फोन आला. तो इथेच जन्मलेला, त्याचं मराठी तोडकंमोडकं. "वृंदाताई," तो म्हणाला, "आई गेला. पहाटे गेला." लोकांच्या व्याकरणाच्या चुका काढायची मला फार खोड. त्या दिवशी मी ती काढली नाही.

एकोणीस दिवसांनी मी मनानाला पत्र लिहिलं. पहिला बोळा, हललेलं कोंदण, पुढचे तीन बोळे, सगळं. जोड कमकुवत नव्हता हेही लिहिलं, सही केली आणि त्या दिवसाची तारीख घातली. एक प्रत हेडबाईंना दिली. नोकरी काही गेली नाही, नुसती ताकीद मिळाली. एवढ्याशा ताकिदीला घाबरून मी त्या बाईला अखेरपर्यंत खोटं सांगत राहिले होते.

महिन्याभराने मनानाचं उत्तर आलं. तिने फायलीत पत्र लावलं होतं आणि अहवालातलं ते वाक्य खोडायला लावलं होतं. मी कुसुमताईंच्या जाण्याबद्दल पत्रात काही लिहिलं नव्हतं. ते पत्र फायलीसाठी होतं, तिथे ते कसं लिहायचं मला कळलं नव्हतं. मनानाने शेवटी, तिच्या त्या मोडक्या इंग्रजीत, लिहिलं होतं: 'कुसुमला वाचून दाखवा. ती वाट बघत असेल.'

त्याच दुपारी मी तिला उत्तर लिहायला बसले: 'कुसुम गेली, आणि पत्र केव्हाच पोचलंय असं समजून गेली. तसं तिला मी सांगितलं होतं.'